माणसाळण्याचे दिवस

आमच्या बाजीला उघडलेल्या छत्रीची भीती वाटत असे. छत्री उघडतानाचा खट्ट आवाज झाला आणि समोर एकाएकी काळा गोल उभा राहिला की भरल्या छातीचा, पस्तीस किलोंचा तो जर्मन शेफर्ड आधी मागच्या पायांवर बसकण मारून थरथरू लागे आणि पुढच्याच क्षणी छत्री धरणाऱ्या माणसाच्या अंगावर धावून जाई. पावसाळ्याचे चार महिने घरी कोणी यायचे असले तर त्याला फाटकाबाहेर थांबवून, छत्री मिटवायला सांगून, बाजीला मागच्या खोलीत बंद करून मगच आत घ्यावे लागे. बाजी साडेनऊ वर्षे जगला. घरच्या माणसांवर त्याने जीव ओवाळून टाकला, परंतु फाटकापलीकडचे जग त्याला अखेरपर्यंत परकेच राहिले. जातच तशी असते, रक्तातच खोट असेल, असे अनेकांनी सांगितले. रक्ताचा काही वाटा असेलही. पण आमचा वाटा त्याहून मोठा होता आणि तो त्याच्या आयुष्याच्या पहिल्या चार महिन्यांत घडून गेलेला होता.

बाजी घरी आला तो २०११ सालचा श्रावण होता आणि तो जेमतेम ३५ दिवसांचा होता. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये असा नियम केंद्र सरकारने २०१७ मध्ये केला. त्याआधी महिन्या-सव्वा महिन्याची पिल्ले आईपासून तोडून सर्रास दिली जात आणि आजही ते पूर्ण थांबलेले नाही. दात किती रोवायचे याचे पहिले धडे पिल्लू भावंडांकडून घेते. जोरात चावले की समोरचे केकाटते, पाठ फिरवते आणि खेळ तिथेच मोडतो. असे शंभरदा झाले की जबडा आपोआप हलका होतो. बाजीचे ते आठवडे आम्ही हौसेपोटी काढून घेतले. पुढे डॉक्टरांनी सांगितले की लसीचे सगळे डोस पूर्ण होईपर्यंत याला उंबऱ्याबाहेर काढू नका. त्या सल्ल्यामागची काळजी खरी होती. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकून राहतो आणि एकदा उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले की दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचे जाऊ शकते. आम्ही सल्ला अक्षरशः पाळला. श्रावण गेला, भाद्रपद गेला, गणपती येऊन गेले, दसरा झाला, आणि बाजीने दोन खोल्या, एक व्हरांडा आणि आम्ही चार माणसे यांपलीकडे काही पाहिले नाही. लक्ष मात्र आम्ही त्याच्याकडे अपार दिले. दिवसभर तो कोणाच्या ना कोणाच्या मांडीवर असे. दिवाळीच्या पहिल्या पहाटे, चार महिन्यांचा होत आलेला असताना, पट्टा लावून त्याला आम्ही प्रथमच रस्त्यावर नेले, आणि कोपऱ्यावर कोणीतरी सुतळी बाँब लावला.

सुतळी बाँबला कोणतेही पिल्लू दचकते. पण ज्याने त्याआधी फटफटी, भंगारवाल्याची आरोळी, सिलेंडर आपटल्याचा खणखणाट, शाळा सुटल्यावरचा मुलांचा गोंगाट असे शंभर लहान धक्के पचवलेले असतात, ते थोड्या वेळाने अंग झाडते आणि चालू लागते. बाजीपाशी असा एकही अनुभव जमा नव्हता. तो पुढे आठ दिवस पलंगाखालून बाहेर आला नाही.

मराठीत ‘माणसाळणे’ हा फार नेमका शब्द आहे. जनावर माणसाळते म्हणजे माणूस जवळ आला तरी ते बिचकत नाही, माणसाला आपल्यातला धरू लागते. कुत्रा हजारो वर्षे माणसाबरोबर राहिला असल्यामुळे तो माणसाळलेलाच जन्माला येतो असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती अशी आहे की प्रत्येक पिल्लाला नव्याने माणसाळावे लागते आणि त्यासाठी निसर्गाने त्याला फार थोडे दिवस दिलेले असतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षे काम करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाचे डोळे साधारण दुसऱ्या आठवड्याअखेर उघडतात, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्याला ऐकू येऊ लागते, आणि तिथपासून बाराव्या आठवड्यापर्यंत आपले कोण हे ते ठरवत असते, असे त्यांच्या कामातून दिसून आले. हल्ली ही मुदत चौदा आठवड्यांपर्यंत धरतात. याच प्रयोगशाळेतील एक प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि तो वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातींची पिल्ले उंच कुंपणाच्या मोकळ्या रानात आयांसोबत वाढवली गेली. अन्नपाणी पोचवले जाई, पण माणसाचा सहवास मुळीच नाही. त्यांतील काही पिल्ले दुसऱ्या, काही तिसऱ्या, काही पाचव्या, सातव्या आणि नवव्या आठवड्यात केवळ एका आठवड्यापुरती माणसांत आणून ठेवली आणि पुन्हा रानात सोडली. योग्य वयातला तो एक आठवडा ज्यांना मिळाला ती पिल्ले पुढे माणसांत रुळू शकली. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही, ती माणूस दिसताच रानटी जनावरासारखी पळत होती, आणि नंतर कितीही माया केली तरी ती पुरती जवळ आली नाहीत.

बाजीला माणसे मिळाली होती, चार. त्याच्या हिशेबात जगात माणसे चारच होती.

तो गेल्यावर दुसरे कुत्रे आणायचे नाही असे मी ठरवले होते. परंतु दिवे घाट चढून आल्यावर सासवडच्या अलीकडे आमचे घर आहे, भोवती शेत आहे, आणि रात्री राखणीला कोणी नाही ही अडचण खरी होती. ओळखीतील एक निवृत्त हवालदार, ज्यांनी नोकरीची बरीच वर्षे श्वानपथकात काढली, त्यांच्याकडे कामाच्या वंशावळीतील जर्मन शेफर्डची वीण झाली होती. कामाच्या वंशावळीतील असे म्हणताना माझ्या मनात या जातीचा मूळ इतिहास असतो. १८९९ मध्ये माक्स फॉन स्टेफानिट्स यांनी जर्मनीत या जातीची संघटना उभी केली तेव्हा त्यांच्यासमोर शोभेचा कुत्रा नव्हता. मेंढरांच्या कळपाच्या कडेने दिवसभर ये-जा करून त्यांना उभ्या पिकात शिरू न देणारे चालते कुंपण त्यांना हवे होते. दिवसभर डोळे आणि कान उघडे ठेवायचे, हलणारी प्रत्येक गोष्ट टिपायची आणि लगेच काहीतरी करायचे, हे या जातीत निवडून निवडून रुजवलेले आहे. म्हणून अशा पिल्लाला जग ओळखीचे करून देण्याची गरज इतरांहून जास्त असते. अनोळखी गोष्ट दिसल्यावर एखादे मवाळ पिल्लू नुसते दूर होईल. हे पिल्लू तिच्यावर इलाज शोधते, आणि जबडा हा त्याच्या हाताशी असलेला पहिला इलाज असतो.

हवालदार काकांनी पिल्लू आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत दिले नाही. मी मात्र सहाव्या आठवड्यापासून दर रविवारी जाऊन त्यांच्या अंगणात बसत असे. त्यांनी पिल्लांच्या वाफ्यात पत्र्याचा डबा, फाटका टायर, प्लॅस्टिकची गोणी, वाळूचा ढीग असे काय काय ठेवले होते आणि घरातला रेडिओ मुद्दाम त्यांच्या कानावर पडेल असा लावलेला असे. ते पिल्लू, म्हणजे आमची तारा, घरी यायच्या दिवशी मी त्यांना विचारले, “काका, हिला रोज किती वेळ द्यावा लागेल?” ते म्हणाले, “मॅडम, वेळ मोजू नका. रोज एक नवी जागा, दहा मिनिटं, आणि परत घरी झोपायला. तिथं कुणाच्या हातात द्यायची नाही.” त्यातले शेवटचे वाक्य मला त्या दिवशी कळले नव्हते.

ते कळले ते धनगरांच्या तळावर. तारा आली त्या फाल्गुनात आमच्या घरामागच्या, कांदा काढून मोकळ्या झालेल्या शेतात मेंढ्या बसल्या होत्या. आमच्या भागात शेतकरी रान मोकळे झाले की धनगरांना बोलावून मेंढ्या बसवतात. लेंडीखत शेताला मिळते आणि धनगराला त्याबद्दल धान्य किंवा पैसे. दोनेकशे मेंढ्या, दोन घोडी, तीन मोठी कुत्री आणि एक पिल्लू असा तो वाडा आठ दिवस तिथे होता. पिल्लू ताराच्याच वयाचे, मातकट रंगाचे, गळ्यात काळा दोरा. त्याची जागा कोकरांत होती. दुपारी मेंढ्या चरायला गेल्या की मागे राहिलेल्या कोकरांच्या जाळीत ते शिरे आणि दोन कोकरांच्या मध्ये अंग चोरून झोपे. एकदा त्याने एका कोकराचा कान ओढला तेव्हा भाकरी थापणाऱ्या बाईंनी बसल्या जागेवरून नुसते “हाड” म्हटले आणि ते तोंड सोडून बाजूला झाले. संध्याकाळी ताकात कुस्करलेली बाजरीची भाकरी त्याला थाळीत मिळे, ती खाताना मेंढ्या त्याच्या अंगावरून चालत जात आणि ते मान वर करून पाहातही नसे. मी त्याला उचलायला वाकले तेव्हा वाड्यातले म्हातारबाबा हात वर करून म्हणाले, “ताई, लई कुरवाळू नका त्याला. माणसाच्या मागं लागलं की रात्रीचं मेंढरापाशी ऱ्हात न्हाई.”

सासवड, जेजुरी, सुपे या पट्ट्यातील माळरानांवर लांडगा आजही आहे, त्यामुळे रात्री मेंढरापाशी राहणे ही म्हातारबाबांच्या दृष्टीने हौसेची बाब नव्हती. अमेरिकेत रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७०च्या दशकात युरोप-आशियातील राखणदार कुत्री आणून तिकडच्या मेंढपाळांना दिली, आणि त्यांच्याही कामाचा गाभा हाच होता की राखणीच्या कुत्र्याचे बालपण ज्याची राखण करायची त्याच्या सहवासात गेले पाहिजे. त्या मातकट पिल्लाला माणसाळण्याच्या दिवसांत मेंढरांत मिसळू दिले जात होते, आणि माणूस त्याला पुरेसाच मिळत होता, भाकरीपुरता आणि ‘हाड’पुरता. आठ दिवसांत त्याच्याशी कोणी सलग दहा मिनिटे खेळलेले मी पाहिले नाही, आणि त्या आठ दिवसांत ते क्षणभरही एकटे नव्हते.

ताराला मेंढरांत राहायचे नव्हते. तिला आमच्या घरात, आमच्या पाहुण्यांत, सासवडच्या बाजारात, डॉक्टरांच्या टेबलावर आयुष्य काढायचे होते, म्हणून तिचा कळप तो होता आणि त्यात तिला बसवून ठेवणे माझे काम होते. डोसांचा प्रश्न पुन्हा समोर होताच. या वेळी दुसऱ्या डॉक्टरांशी आधीच बोलून घेतले. अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेवियर या संस्थेने २००८ मध्येच स्पष्ट म्हटले आहे की पहिला डोस होऊन किमान सात दिवस झाले असतील तर सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला जपून बाहेरच्या जगाची ओळख करून देण्यास सुरुवात करावी. आम्ही असे ठरवले की तिचे पाय जमिनीला लागणार नाहीत, भटक्या कुत्र्यांच्या वावराच्या जागी तिला उतरवायचे नाही, आणि लसीकरण झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांशिवाय कोणाच्या जवळ न्यायचे नाही. बाकी सगळे जग तिने कडेवरून पाहायचे.

सासवडच्या एसटी स्टँडवरचा एक बाक मला त्यासाठी सापडला. सकाळी साडेसातला जुन्या टॉवेलात गुंडाळलेली तारा मांडीवर, खिशात उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, आणि समोर गाड्यांची ये-जा. एसटी जवळ येऊन ब्रेकची हवा सोडते तो फुस्स आवाज पहिल्या दिवशी झाला तेव्हा तिचे हृदय माझ्या तळहाताखाली धडधडताना मला जाणवले. मी उठून वीस पावले मागे गेले आणि भिंतीपाशी उभी राहिले. तिथून पुढची गाडी आली. तिने कान मागे घेतले, पुढे केले, गाडीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि त्याच क्षणी मी तिच्या तोंडात तुकडा दिला. तिसऱ्या गाडीला तिने आधीच वळून पाहिले. पाचव्या दिवशी आम्ही पुन्हा बाकावर होतो आणि ती जांभई देत होती. कुबड्या घेतलेले आजोबा, घोंगडे पांघरलेला माणूस, बुरखा घेतलेल्या बायका, हेल्मेट न काढता बोलणारा मुलगा, भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई, असे सगळे तिने त्या बाकावरून पाहिले. छत्र्या मी घरात उघडून ठेवल्या होत्या, चार खोल्यांत चार, आणि तिचे खाणे त्यांच्याखाली ठेवत असे.

हवालदार काकांच्या त्या वाक्याचा कस त्याच बाकावर लागला. गोंडस पिल्लू दिसले की माणसे धावत येतात, न विचारता डोक्यावरून हात फिरवतात, मुले तिला वर उचलू पाहतात. पुष्कळांची समजूत अशी आहे की जितके हात फिरतील तितके पिल्लू माणसाळेल. प्रत्यक्षात दहा अनोळखी हातांतून फिरलेले पिल्लू दोनपैकी एक गोष्ट शिकते: एक तर माणूस दिसला की पळून सुटावे, नाही तर माणूस दिसला की त्याच्या अंगावर उड्या माराव्यात. कामाच्या कुत्र्याला दोन्ही निरुपयोगी. माणूस येतो आणि जातो, त्यात आपल्याला काही करायचे नसते, हे त्याला उमगले पाहिजे. मी लोकांना नम्रपणे सांगत असे की लांबून बोला, हात लावू नका. काही जण रागावले, बहुतेकांनी ऐकले. निवडक सात-आठ माणसांच्या हातात मात्र मी तिला मुद्दाम दिले, आणि त्यात शेजारच्या दोन शाळकरी मुली, दूधवाले काका आणि डॉक्टरांकडचे मदतनीस होते. डॉक्टरांकडे तर आम्ही काही काम नसताना पाच वेळा गेलो. टेबलावर ठेवायचे, खाऊ द्यायचा, घरी यायचे.

हे सगळे धरून दिवसाचा हिशेब मांडला तर तो लोकांना वाटतो त्याहून वेगळा निघतो. आठ-दहा आठवड्यांचे पिल्लू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपते. जागेपणाचे एकेक सत्र पाऊण तासाचे. त्यात आधी शी-शू, मग खाणे, मग पाच मिनिटांचा काही धडा, मग खेळ, आणि पुन्हा बाहेर नेऊन पिंजऱ्यात झोप. म्हणजे थेट लक्ष तीन-चार तास पुरते, परंतु ते तास सुटे सुटे दिवसभर पसरलेले असतात, रात्री दोनदा उठावे लागते, आणि म्हणून पहिले दोन महिने घरात कोणीतरी असणे भागच असते. सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या घराने असे पिल्लू आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी विचारायला येणाऱ्यांना तोंडावर सांगते. संध्याकाळी सातच्या सुमारास तारा वेड्यासारखी पायघोळ परकरांना लटकायची, पोटऱ्यांना चावायची. मी तिला आणखी खेळवायचे आणि ती आणखी चावायची. सासूबाईंनी एक दिवस शांतपणे म्हटले, “अगं, लेकरू दमलंय, निजव त्याला.” पिंजऱ्यावर चादर टाकली आणि ती दोन मिनिटांत झोपली.

एक चूक मी या वेळीही केली. बाजीच्या आठवणीने मी ताराला पहिले तीन आठवडे क्षणभरही एकटे सोडले नाही. परिणामी मी न्हाणीघराचे दार लावले की ती दाराशी बसून विव्हळू लागली. एकटे राहणे हीसुद्धा शिकवायची गोष्ट आहे हे मला उशिरा सुचले. मग अर्धा मिनिट, एक मिनिट, तीन मिनिटे असे करत, ती रडायच्या आत परत येत, दोन तासांपर्यंत पोचायला मला दोन महिने लागले. धनगराच्या पिल्लाला हे कधी शिकावे लागत नाही, कारण तिथे दारच नसते.

ज्येष्ठाच्या अखेरीस माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते. तारा तेव्हा साडेपाच महिन्यांची होती. पहाटेच आम्ही रस्त्यापासून शंभरेक पावलांवरच्या लिंबाखाली सतरंजी टाकली. दुपारनंतर दिंड्यांमागून दिंड्या येऊ लागल्या, टाळ-मृदंग, पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, रंगीत प्लॅस्टिकचे इरले पांघरलेले वारकरी, ट्रक, टँकर, आणि पावसाची सर आल्यावर एकाच वेळी उघडलेल्या शेकडो छत्र्या. मी ताराच्या मानेखाली हात धरून बसले होते. तिने छत्र्यांच्या त्या रस्त्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. तुकडा खाल्ला. थोड्या वेळाने तिने हनुवटी पंजांवर टेकवली आणि टाळांच्या गजरात ती झोपी गेली. मला त्या क्षणी बाजी फार आठवला आणि मी बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिले.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. आठव्या महिन्यात तिने हाका ऐकणे सोडले, ओळखीच्या कचरागाडीवर भुंकू लागली, आणि मी हादरले. ब्रिटनमधील संशोधकांनी अंधांच्या सोबतीसाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास करून २०२० साली दाखवून दिले आहे की आठव्या महिन्याच्या सुमारास कुत्रे परक्यापेक्षा आपल्याच पालकाचे कमी ऐकते आणि पुढे ते सावरते. आम्ही पुन्हा त्या बाकावर जाऊ लागलो, तेच तुकडे, तीच वीस पावले. दोन महिन्यांत ती परत रुळावर आली.

कार्तिकात तोच वाडा पुन्हा आमच्या शेतात उतरला. मातकट पिल्लू आता मेंढीएवढे उंच झाले होते आणि मानेत त्याच्या खिळ्यांचा पट्टा होता. मी ताराला घेऊन बांधावर गेले. पंधरा पावलांवर ती आपणहून बसली आणि मेंढ्यांकडे एकटक पाहत राहिली, अंगात ताण होता पण पट्ट्याला ओढ नव्हती. तो कळपाच्या अलीकडे येऊन आडवा उभा राहिला, एकदा खोल आवाजात भुंकला, आणि आम्ही पुढे येत नाही असे पाहून खाली बसला. म्हातारबाबांनी मला ओळखले, हात केला, आणि त्याला हाक मारली. त्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले, पण जागचा उठला नाही.